बर्बटचं गुड नाईट

डुलूथ, मिनेसोटा

प्रिय कायसा,

परवा तू 'घसा कसा आहे?' असा मेसेज पाठवलास, त्यावर मी 'ठीक' एवढंच लिहिलं. फोनच्या त्या चिमुकल्या बटणांवर माझी बोटं बसत नाहीत, म्हणून हे पत्र. तिकडे टूसॉनला तुम्ही अजून एसी लावता म्हणे. इकडे पहिला बर्फ पडून गेला आणि शेजारचा टोइवो आतापासूनच तळं कधी गोठणार म्हणून माझं डोकं खातोय.

बातमी म्हणजे तळघर आवरलं. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीमागे माझा जुना कमोडोर कॉम्प्युटर सापडला, फ्लॉपी ड्राइव्ह आणि मोडेमसकट. धूळ पुसून लावला तर पठ्ठ्या सुरू झाला! टोइवो म्हणाला, "रेइनो, तुझ्या गुडघ्यांपेक्षा हा बरा चालतो." पडद्यावर 'आइस शॅक' ही पाटी उमटली. फोनवरून चालणाऱ्या माझ्या बुलेटिन बोर्डाचं हे नाव तुझ्या आईला कधीच आवडलं नाही, पण होतं तसंच. फोनची लाइन एकच, त्यामुळे गोठलेल्या तळ्यावरच्या मासे धरायच्या झोपडीसारखा एका वेळी एकच माणूस आत, बाकीच्यांनी ताटकळायचं. गावातली रिकामटेकडी मंडळी आपापल्या कॉम्प्युटरवरून माझ्या कॉम्प्युटरला फोन लावायची आणि मासे, इंजिनं, हॉकी यांवर भांडणं लिहून ठेवायची. मी गोदीतून आलो की जेवायच्या आधी ती भांडणं सोडवत बसायचो. आर्डिस म्हणायची, "मशीनशीच संसार करायचा होता, तर मला कशाला चर्चमध्ये उभं केलंस?" पुढे ती तुला घेऊन टेकडीवरच्या घरात राहायला गेली. तिचं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही.

तिथे फोन केला की तू रिसीव्हर हातात घ्यायची नाहीस. "नाही म्हणतेय रे," एवढं आर्डिस सांगायची, आणि तिलाही वाईट वाटायचं. त्याच हिवाळ्यात बोर्डावर 'बर्बट' नावाचं कोणीतरी येऊ लागलं. बाकीचे सगळे वाघ, वादळ अशी नावं घेऊन मिरवायचे, आणि हा बर्बट! बर्फाला भोक पाडून बसलेले लोक जो कुरूप मासा नाक मुरडून फेकून देतात, तो. पहिल्याच दिवशी त्याने मला थेट गप्पांना बोलावणारी घंटा वाजवली आणि लिहिलं, "माझा बाप घुम्या आहे. तोंड उघडलं की फक्त वायरींबद्दल बोलतो." मी लिहिलं, "मग वायरींबद्दलच विचार. सुरुवात तरी होईल." दुसऱ्या दिवशी सोल्डरिंगवर प्रश्नांची सरबत्ती!

ओळखायला वेळ लागला नाही. ऐन गप्पांत पडद्यावर कचरा अक्षरं सांडायची आणि लाइन तुटायची. समोरच्याच्या घरात कोणीतरी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की असं होतं, आणि आर्डिस बहिणीला फोन लावायची ती नेमकी याच वेळेला. बोर्ड कोणाचा हे तुला ठाऊक होतं, बर्बट कोण हे मला. दोघंही साळसूद.

एकदा निघताना तू 'गुड नाईट, बाबा' असं लिहिलंस आणि लगेच एकेक अक्षर खोडून नुसतं 'बाय' पाठवलंस. समोरचा जे टाइप करतो ते अक्षर न् अक्षर मला इकडे दिसायचं, नंतर खोडलेलंसुद्धा. हे तुला माहीत नव्हतं. मी उत्तर दिलं नाही, कारण गुपित फुटलं असतं तर बर्बट पुन्हा आला नसता. त्या संध्याकाळी भट्टीपाशी बसून मी खूप रडलो. आनंदाने रडलो, हेही सांगून टाकतो.

पुढे तू कॉलेजला गेलीस, बोर्ड बंद पडला, आपण ई-मेलवर आलो आणि मग मेसेजवर. टाइप करण्यात आपण बापलेक पटाईत. फोन करायची सवय मात्र कधी लागलीच नाही.

आता मुद्द्याचं. घसा ठीक नाही. गाठ आहे आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरीणबाई म्हणतात. जीव वाचेल, आवाज जाईल. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या सोमवारी ऑपरेशन आहे. त्यानंतर आपल्याला जन्मभर टाइपच करायचंय, त्याची मला चिंता नाही. पण त्याआधी एक फोन कर. आवाज घोगरा झालाय, घाबरू नकोस. त्या खोडलेल्या ओळीचं उत्तर द्यायचं राहून गेलंय, ते मला माझ्या तोंडाने द्यायचंय. भरदुपारी फोन केलास तरी मी गुड नाईटच म्हणणार आहे.

तुझाच घुम्या,
बाबा