मातामायची आण

बाबा,

आज पुन्हा तुमच्याशी भांडायला बसलो आहे. तुम्ही गेलात त्याला कितीतरी वर्षं झाली, पण हे भांडण काही मिटत नाही. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मी नागपूरच्या कॉलेजातून दिवाळीला घरी आलो होतो, आणि नागभीडकडच्या आपल्या गावात ऐन धान कापणीच्या तोंडावर बैल मरत होते. करणी गावच्या सुइणीनं केली, असं गावानं ठरवून टाकलं होतं.

गावदेवी मातामायच्या दगडासमोर तिला बसवलंय. लोकांच्या हातात काठ्या आहेत. तुम्ही, देव न मानणारे मास्तर, दुपारपासून हा गुरांचा रोग आहे म्हणून सांगताय, आणि कोणी ऐकत नाही. मग गावातला एक भजनी म्हातारा उठतो. तिच्या हातचा तांब्या घेऊन सगळ्यांदेखत पाणी पितो. "माय लेकरायचं वाईट करत नाई. हे बाई करणीवाली असन तर मले इथीच रगत ओकू दे." मग तुमच्याकडे वळतो. "मास्तर, तुमीबी प्या. पन मायची आन घेऊन."

मी तुमच्या कानाशी लागलो, "बाबा, नका. तुमी आन घेतली का माय खरी ठरते." तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. चपला काढल्या, हात जोडले, आण घेतली आणि पाणी प्यायलात. लोकांनी काठ्या खाली टाकल्या.

घरी आल्यावर मी तुम्हाला वाट्टेल ते बोललो. तुम्ही एवढंच म्हणालात, "त्याच्या देवानं बाईले वाचवलं. मी आडवा येऊ काय?" पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात एका विधवेला करणीवाली म्हणून झोडपून हाकललं. लोक म्हणत होते, माय खरी तर करणीबी खरी, मास्तरनंबी मायची आन घेतली. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. म्हातारा मात्र तिकडेही त्या बाईसाठी आडवा पडला होता, मार खाऊन परतला.

तुमची ती आण चूक होती, असं मी जन्मभर अंधश्रद्धेविरुद्धच्या सभांतून सांगत आलो. आजही सांगेन. सुईण त्यानंतर पुष्कळ जगली आणि माझ्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण तिनंच केलं, एवढं मात्र सभेत सांगत नाही.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून लिहितो. तुम्ही हात जोडलेत तेव्हा मी तुमच्या मागं उभा होतो. तुमचा विश्वास नव्हता, तुम्ही बाईसाठी जोडलेत. माझेही हात जुळले होते, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, माय, ऐक.