ब्रॉनविनला मीच विचारलं

प्रिय ग्वेंडाताई,

सिडनीहून नेव्हिलचा नमस्कार. तुझी कंबर आता बरी असेल आणि क्लाइव्हभाऊजी डॉक्टरांचं न ऐकता मेंढ्यांमागे धावत असतील, अशी आशा करतो. मी ठीक आहे. (ठीक नाही. पुढे वाच.)

तू शेजारणींना अजून सांगतेस की मी विद्यापीठात फुटबॉलच्या पोरांना पळवतो. ताई, मी कोचिंगच्या मानसशास्त्रावर संशोधन करतो. म्हणजे धडधाकट माणूस समोर बसवायचा, त्याला काय साधायचंय ते त्याच्याच तोंडून काढायचं आणि मग ते त्याला साधतं का हे मोजायचं. मात्र सल्ला द्यायचा नाही, नुसते प्रश्न विचारायचे. सल्ला दिला की प्रयोग बाद.

यंदा आम्ही सहकाऱ्यांच्याच जोड्या लावल्या आणि माझ्या वाट्याला आली ब्रॉनविन ट्रँटर. माझ्यामागून नोकरीला लागलेली, आणि जिच्या व्याख्यानाला लोक पायऱ्यांवर बसतात तीच. (माझ्या व्याख्यानाला खुर्च्या असतात. भरपूर.) पहिल्याच बैठकीत मी विचारलं, "तुला खरंच काय हवंय?" ती लॅमिंग्टन, म्हणजे इथला खोबरं लावलेला केक, खात म्हणाली, "काही सुचत नाही बुवा." तिथेच आटोपायचं ना! पण मी पडलो कसलेला माणूस, गप्प बसून राहिलो. (गप्प बसणं ही आमच्यात मोठी विद्या आहे.) तिने बोटांवरचं खोबरं झटकलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "नेव्ह, मला आपल्या संशोधन केंद्राची प्रमुख व्हायचंय रे."

ताई, ती खुर्ची माझी होती! म्हणजे मनातल्या मनात माझी होती. "होऊ नकोस" म्हणावं तर तो सल्ला झाला. म्हणून दात आवळून विचारलं, "मग आड काय येतंय?" म्हणाली, "तूच. मला वाटायचं, तुलाच हवी असेल." मी म्हटलं, "आपण माझ्याबद्दल नाही, तुझ्याबद्दल बोलतोय." (हेही नियमात बसतं.) तेव्हापासून दर मंगळवारी मी तिचा धीर वाढवतोय. तिची झोप सुधारलीय, चेहऱ्यावर तेज आलंय, आणि मी इकडे जळून कोळसा झालोय, उघड सांगतो. त्यात ती प्रमुख झाली तर माझं संशोधन खरं ठरणार आणि आपटली तर खोटं. काल सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटून म्हणाली, "याच्यासारखा कोच नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, करतो काय?

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार, कुत्र्याला बिस्किट.

तुझा,
नेव्हिल

ता. क. तिचा अर्ज गेला. मुदत पुढच्या शुक्रवारी संपते. माझा अजून गेलेला नाही. इतक्या मंगळवारांत मला कोणी विचारलंच नाही की बाबा, तुला काय हवंय.

आणखी एक ता. क. पत्र मिळताच फोन कर. प्रश्न विचारू नकोस. नुसती ओरड, "नेव्हिल, मुकाट्यानं अर्ज भर!" मी "पण" म्हणालो तर आणखी मोठ्यानं ओरड.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवतोय तोच ब्रॉनविन दारात डोकावून म्हणाली, "अर्ज भर की रे, वेड्या!" सरळ सल्ला! सगळा प्रयोग मातीत. तरी तू फोन कर. तिचं ऐकून मी मुळीच भरणार नाही, तुझं ऐकून भरेन.