मुळाशी बर्फ

जागृतीताई, जय भीम.

हे पत्र तुला धाडणार नाही, म्हणून खरं लिहितो. आई गेली तेव्हा रजा मिळाली नाही म्हणालो, ते खोटं होतं. मी रजा मागितलीच नाही.

इथे परमुलखाच्या उन्हात, रिफात मॅडमच्या बंगल्यात बर्फाळ डोंगरावरचं वीतभर झुडूप होतं. एसीच्या खोलीत, मुळाशी रोज बर्फ घालून मीच ते जगवलं. त्याला कळ्या आल्या होत्या. मी गेलो असतो तर ते मेलं असतं, नोकरीही गेली असती.

तिकडे तुम्ही आईच्या पुण्यानुमोदनाला वंदना घेत होतात, त्याच दिवशी ते फुललं. मॅडमना रंग फिका वाटला. म्हणाल्या, "निकाल दो."

उपटता उपटता मी त्यांना आई गेल्याचं सांगितलं.

"पहले बोलना था ना, टिकट दे देती. पौधे का क्या है?"

बर्फ घालणारा तुझा भाऊ,
रुपेश