मुकी खेचरे

आबा, तुमच्या त्या वेळच्या वयाच्या जवळ मी आता आलो आहे, आणि आपल्यातला एक वाद अजून माझ्याकडे प्रलंबित आहे. नव्वदच्या दशकात, मी, तुमचा नातू, नगरच्या कोर्टात वकिली करीत असताना, तुमच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते: स्वरयंत्र काढले तर तुम्ही बरीच वर्षे जगाल, पण बोलता येणार नाही, ठेवले तर वर्षाचाही भरवसा नाही. निर्णय तुमचा होता. तुमचे मन वळवण्याचे काम घराने माझ्यावर सोपवले.

त्यासाठी मी गावी आलो, तर तुम्ही घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेलेले. पलटणीतून परतल्यापासूनचा हा तुमचा नेम. घ्यायचे काही नाही, विकायचे काही नाही. वीटभट्टीवाल्यांची गाढवे-खेचरे बांधलेली असत तिथे जाऊन नुसते उभे राहायचे. मला ते आजही दिसते. खाकी सदऱ्याची गळ्यापर्यंतची गुंडी लावून तुम्ही ताठ उभे आहात आणि एक व्यापारी तुम्हाला छेडतो आहे. ‘‘आबा, खेचर घेताय का नुसतं गानं ऐकताय?’’

‘‘गानंच ऐकतोय. तुज्यापरीस बरं गातंय.’’ तुमचा आवाज तेव्हाच घोगरा झाला होता.

तिथेच लिंबाखाली मी माझे म्हणणे मांडले. जगणे हे मूळ, बोलणे हा त्याचा केवळ एक भाग. भाग राखण्यासाठी मूळ सोडणे तर्काला धरून नाही. तुम्ही माझे बोलणे मध्ये एकदाही तोडले नाहीत. मग ब्रह्मदेशातल्या लढाईबद्दल प्रथमच बोललात. तुम्ही खेचरांच्या तुकडीत होता, एवढेच तोवर घरात ठाऊक होते.

‘‘आमची खेचरं मुकी हुती,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘वरडली तर जंगलात दुश्मनाला कळंल, म्हनून त्यांचा गळा आतून कापायचे. माज्या खेचराचं डोकं मीच धरलं हुतं. पुढं त्याला गोळी लागली, तर नुसतं तोंड उघडलं त्यानं. आवाज न्हाई.’’ जवळचे एक गाढव ओरडू लागले. ते थांबेपर्यंत तुम्ही थांबलात. ‘‘त्याला कुनी इच्यारलं न्हवतं. मला डाक्टर इच्यारतोय. तर मी न्हाई म्हनतो.’’

मी म्हणालो, खेचराचा दाखला माणसाला लागू होत नाही.

‘‘नसंल होत,’’ तुम्ही शांतपणे म्हणालात. ‘‘चला वकीलसाहेब, च्या घिऊ.’’

शस्त्रक्रिया झाली नाही. पुढचा उन्हाळा सरण्याआधी तुम्ही गेलात. अखेरीस आवाज कुजबुजीइतका उरला होता. तरी आई पाणी पाजायला वाकली की ‘‘र्‍हाऊ दे सूनबाई, बस जरा’’ एवढे तुम्ही म्हणतच होता.

माझे मत बदललेले नाही. तोच युक्तिवाद मी आजही करीन आणि तुम्ही तो आजही फेटाळाल. हा कागद कोठे पोचायचा नाही. त्याची घडी तुमच्या खाकी सदऱ्याच्या खिशात ठेवून देईन. एवढे मात्र मान्य करतो, की तुमचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, पण ज्या आवाजासाठी तुम्ही उरलेली वर्षे सोडलीत तो आता कानात उमटत नाही. म्हणून अधूनमधून मी घोडेगावला जातो. घ्यायचे काही नसते. गाढवे-खेचरे बांधलेली असतात, तिथे उभा राहतो.