तिसऱ्या रॉडचा आकडा

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, धंदा रेसच्या गाड्यांची इंजिने उघडून पुन्हा बांधणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, नशापाणी केलेले नाही. डॉक्टर शेजारी बसले आहेत. माझे डोके ठिकाणावर असल्याचे ते लिहून देतील, हातांबद्दल मात्र त्यांना विचारू नये. पत्नी हयात नाही. वारस दोनच: थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा.

कलम १. घराचा तळमजला मुलाला, कारण त्याला जिना चढवत नाही. वरचा मजला मुलीला. दोघांचे दार एकच आहे, भिंत फोडून दुसरे करू नये.

कलम २. बँकेतली ठेव दोघांना सारखी. यावरून भांडण होईल असे वाटत नाही. भांडायलासुद्धा ती अकरा वर्षांत एका खोलीत आलेली नाहीत.

कलम ३. वर्कशॉप, लेथ आणि मोजमापाची सगळी हत्यारे थोरलीला. शेजारच्या टर्नरने माझा डायल गेज सात वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेला, तो परत मागू नये. गेज खोटे दाखवत होता. दोघांचे चांगले जमले असेल.

कलम ४. हे कलम दोघांना शेजारी बसवून वाचून दाखवावे.

पिस्टनच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग आणि तो रॉड ज्याला फिरवतो तो क्रँकशाफ्ट यांच्यात केसाहून बारीक फट ठेवावी लागते. तिच्यात तेल राहते. फट कमी पडली की तेल टिकत नाही आणि पळते इंजिन जागच्या जागी जाम होते. माझ्याकडे नियम होता: ही फट दोघांनी वेगवेगळी मोजायची आणि एकमेकांचा आकडा न बघता चिठ्ठीवर लिहायची. आकडे जुळले नाहीत तर दोघांनीही बोल्ट सोडून पहिल्यापासून मोजायचे.

अकरा वर्षांपूर्वी एका रेसच्या गाडीच्या इंजिनात तिसऱ्या रॉडला माझा आकडा आला मिलिमीटरचे साडेपाच शतांश, तेव्हा माझ्याबरोबर काम करणाऱ्या थोरलीचा साडेतीन. पाचच्या खाली आम्ही झाकण लावून इंजिन बंद करत नसू. शर्यतीला गाडी न्यायला ट्रक दारात उभा होता.

ती म्हणाली, "बाबा, परत मोजू या. मी बोल्ट टॉर्क पान्याने ठरल्या जोरापर्यंत आवळून मोजलंय."

"तुझ्या जन्माआधीपासून मोजतोय मी. कर बंद."

मी बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळले होते. बोल्ट अर्धवट आवळले की फट असते त्यापेक्षा मोठी भरते, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवत आलो. तिची चिठ्ठी मी खिशात घातली. तिने मान खाली घालून बेअरिंग बसवले आणि इंजिन बंद केले.

सातव्या फेरीला तो रॉड तुटला आणि इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. तेल मागच्या चाकांवर उडाले, गाडी भिंतीवर गेली. गाडीत धाकटा होता. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. दवाखान्यात त्याने विचारले, "बेअरिंग कुणी बसवलं होतं?" मी म्हणालो, "ताईने."

शब्द खरा होता, म्हणूनच तो मला सहज बोलता आला. त्याने तिच्याशी बोलणे टाकले. तिने हा धंदा सोडला. आता ती पाण्याचे पंप दुरुस्त करते. मला तिने आजवर एका शब्दाने दोष दिला नाही, की भावाला चिठ्ठीचे सांगितले नाही. तिची चिठ्ठी माझ्या कपाटात आहे. दोष सर्वस्वी माझा आहे, आणि मला त्याची लाज वाटते.

इथवर लिहून डॉक्टरांना वाचायला दिले. त्यांनी चष्मा काढला.

"हे तुम्ही गेल्यावर वाचायचं?"

"हो."

"मग त्यांनी शिव्या द्यायच्या कुणाला? फोटोला?"

कलम ५. सबब कलम ४ माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. आत्ताच मुलाला फोन करून सगळे सांगितले. मग त्याने विचारले, "ताईला सांगितलंत?"

"अजून नाही."

"आधी तिला सांगा." पुढे म्हणाला, "आणि तिचा नंबर द्या, बाबा. माझ्याकडे नाहीये."

नंबर दिला. आता तिला फोन लावायचा आहे, म्हणून इथेच सही करतो.

सही: इंजिनवाला
साक्षीदार: १. डॉक्टर (डोके ठिकाणावर आहे) २. समोरचे घड्याळजी
स्थळ: वर्कशॉपमागची खोली
दिनांक: चौदा, महिना दुसरा, संध्याकाळचे सहा