माधवची काठी आणि रेवतीचा तंबू

रविवार, १८ जानेवारी. बोरीवली.

रेवतीने ट्रायलला दिलेला तंबू आज सोसायटीच्या गच्चीवर लावला. पोरगी दहिसरला घरच्या मशीनवर एकटी शिवते, पण शिवण काय सुबक. अख्खा तंबू किलोच्या आत. वेगळे खांब नाहीतच, ट्रेकला चालायच्या आपल्याच दोन काठ्यांवर उभा राहतो. गच्चीत खुंट्या कुठे ठोकणार, दोऱ्या विटांना बांधल्या.

हलकाच हवा, हा माधवचा हट्ट. त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा आमचा पहिला ट्रेक, ओझं सगळं माझ्या पाठीवर येणार म्हणून. तसं बोलून दाखवेल तर नवरा कसला.

दोघं आत आडवे झालो. झकास वाटत होतं. मग साहेब पाणी प्यायला उठले आणि सवयीने दारातली काठी उपटून चालू लागले. तंबू माझ्या अंगावर.

"अगं, माझीच काठी घेतली ना," बाहेरून आवाज.

"तुझीच रे. पण तंबू तिच्यावर उभा होता."

खूप हसलो. नंतर मात्र तो म्हणाला, "दुकानातला खांबवाला जडच घेऊ. रात्री मला काठीशिवाय उठता येणार नाही."

तो जड म्हणजे तीन किलो. आणि रेवतीचा परत करायचा? मन होईना. घडी घालताना सुचलं, एक काठी जास्तीची न्यायची, त्याच्या उशाशी ठेवायला. एवढं साधं आधी कसं सुचलं नाही?

पाव किलो वाढेल. वाढू दे. सॅक मीच भरणार आहे, त्याला सांगतंय कोण.