घरच्यांची परवानगी

रविवार, ९ मे
स्वयंपाकघरातल्या टेबलावरून

प्रिय बाईसाहेब,

तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघंही धडधाकट आहोत, काळजी नसावी. बेटावरचा वारा, पत्र्याची खोली आणि चोच मारून तुझा अंगठा फोडणारी ती पक्षीण, सगळं दोनदा वाचलं. ठमीला अंगठ्याचा भाग भलताच आवडला.

"आईला चावली? मग आईने काय केलं?"

"तिच्या पायात कडी घातली आणि सोडून दिलं."

बराच विचार करून म्हणाली, "मी कट्टी केली असती."

कन्यारत्न आता बूट स्वतः घालतं, उलटसुलट पायात. मी वेण्या घालायला शिकलोय. एक वेणी आकाशाकडे बघते, दुसरी जमिनीकडे. पाळणाघरातल्या बाई दोन्ही सोडून पुन्हा घालतात. माझी आई फोनवर म्हणते, "ती तिकडे पाखरांची पिल्लं सांभाळतेय आणि इथे तिचं पिल्लू तू सांभाळतोयस, उलटाच संसार तुमचा!" पण फोन ठेवताना दर वेळी तुझ्या खोकल्याची चौकशी करते. बोलणं एक आणि जीव दुसरीकडे, तुला माहीतच आहे.

संस्थेतलं सांगायचं तर, अर्धवेळ झाल्यापासून माझं टेबल खिडकीजवळून दाराजवळ आलं. "तुम्हाला लवकर निघायचं असतं, सोपं पडेल," असं कारण दिलं. प्रयोगशाळेतले माझे लाकूड पोखरणारे किडे मात्र मला अजून पूर्णवेळच समजतात. रविवारीसुद्धा सुट्टी देत नाहीत.

मागच्या आठवड्यात संध्याकाळची बैठक लांबली. पाळणाघर बंद व्हायची वेळ झाली म्हणून मी उठलो. विभागप्रमुख म्हणाले, "काय हो, घरी बाईमाणूस कोणी नाही का?"

"आहे की सर. पण ती तीन वर्षांची आहे."

सगळे खो खो हसले. प्रमुखही हसले, तोंडदेखलं. मी निघालो, तर बुरशीवर काम करणारी ती नवी मुलगी जिन्यापर्यंत धावत आली. "सर, अर्धवेळ मागताना अर्जात नेमकं काय लिहिलं होतं तुम्ही?" विचारताना तिने ढगळ एप्रन पोटावरून सारखा केला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिने कोणालाच सांगितलेलं नाही. करार संपत आलाय, आणि आधीच कळलं तर वाढवून मिळणार नाही ही धास्ती. मी म्हटलं, अर्जाचं मग बघू, आधी ही बैठक सकाळी करून घेऊ. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं प्रमुखांकडे गेलो, तर मागोमाग माशांच्या टाक्यांवाले काका! त्यांची आई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून आहे. इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलले नव्हते ते. बैठक आता सकाळी असते. त्या मुलीच्या कराराचं मात्र अजून भिजत घोंगडं आहे.

हे सगळं मी तिखटमीठ लावून का लिहितोय, हे तू ओळखलं असशीलच. तुझ्या पत्राची शेवटची ओळ मला टाळायची आहे. "मला केंद्रप्रमुख करणार असं कानावर आलंय. म्हणजे आणखी दोन वर्षं इथेच. काय करू रे?"

थांब, ठमी हाका मारतेय.

दुपार

दूध सांडलं होतं, पुसलं. आता ती झोपलीय.

तुझ्या नुसतं कानावर आलंय. मला समोर बसवून सांगितलं गेलं. मंगळवारी निवडसमितीच्या अध्यक्षांनी बोलावलं. माणूस सज्जन आहे गं, म्हणून तर जास्त अवघड. चहा मागवला, ठमीची चौकशी केली, मग म्हणाले, "तिच्या तोडीचं काम तिथे कोणाचंच नाही. पण मूल लहान आहे. तिला पेचात टाकायचं नाही आम्हाला, म्हणून आधी तुम्हाला विचारतो. घरच्यांची परवानगी असेल तर तिचं नाव पुढे पाठवतो. नसेल तर दुसऱ्याचं पाठवू. तिला कळायचंही नाही."

"आधीच्या केंद्रप्रमुखांना नेमताना त्यांच्या बायकोला विचारलं होतंत का?" असं मी ताडकन विचारलं असतं तर तुला केवढा अभिमान वाटला असता! पण हे वाक्य मला सुचलं ते जिना उतरताना.

खुर्चीत बसलेलो असताना सुचत होतं ते भलतंच. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. चारदोन महिन्यांत तू घरी. पुन्हा तुझा ओला टॉवेल माझ्या खुर्चीवर, तुझं ते मोठ्याने वाचणं, आणि मी कधीच कोणाला काही सांगितलं नसतं. बाईसाहेब, हातातला चहा निवून गेला. ते बिचारे खिडकीबाहेर बघत राहिले.

शेवटी म्हणालो, "तिचं तिला विचारा. मी तिचा नवरा आहे, पालक नाही."

"म्हणजे तुमची हरकत नाही, असं लिहू ना?"

"माझं काहीच लिहू नका."

त्यांना राग आला की काय, कळलं नाही. पण काल तिथल्या कारकुनांनी सांगितलं, तुझं नाव गेलंय आणि पत्र थेट तुलाच येतंय. बहुधा याच बोटीने. माझं पाकीट आधी फोडलं असशील तर ते आता फोड.

मला खूप आठवण येते. परवा बसमधून तुझ्यासारखी पाठ दिसली, म्हणून भलत्याच थांब्यावर उतरलो. ती बाई वळली आणि मी उगाच तिला पत्ता विचारला. पलंगाच्या मधोमध झोपून पाहिलं, जमत नाही. शेवटी आपली कड बरी.

आणि ठमी. महिना झाला, "आई कधी येणार" हे ती विचारेनाशी झालीय. रडत नाही, हट्ट करत नाही. भातुकलीत बाबा असतो, बाळ असतं. आई कुठे, म्हटलं तर "कामावर" म्हणते आणि बाळाला थोपटत राहते. हे लिहू की नको, असं आठवडाभर चाललं होतं. लिहिलं तर तुझा पाय मागे ओढल्यासारखं होईल. लपवलं तर मीही त्या अध्यक्षांसारखाच, तुझ्या भल्यासाठी तुझ्या पाठीमागे ठरवणारा. म्हणून लिहिलं.

बेटावर कुटुंबासाठी एखादी खोली मिळावी, असा अर्ज मी केला होता. "तशी पद्धत नाही," असं उत्तर आलं. पुन्हा करणार आहे. त्या बुरशीवाल्या मुलीने मसुदा वाचून दोन ठिकाणी माझी नरमाई खोडली. आणि तुमचा बोटीचा धक्का लाकडाचाच आहे ना? मग माझे किडे तिथे आधीच राहायला आले असतील.

तू ये, असं मी लिहिणार नाही. राहा, असंही नाही. जे ठरवशील ते ओशाळून ठरवू नकोस, एवढंच. इथलं आम्ही निभावून नेऊ. कधी हसत, कधी नुसतंच.

मला तू इथे हवी आहेस, रोज. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. ठरवताना जमेस धरू नकोस.

तुझाच,
ठमीचा बाबा